साम्राज्य वाढतंय, प्रजा रुसतेय: ‘सिव्ह ५’मधल्या आनंदाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साम्राज्य उभारण्याचा ‘सिव्हिलायझेशन ५’ (थोडक्यात ‘सिव्ह ५’) हा संगणकावरचा गेम २०१० साली आला. त्यानंतर दोन नवे भाग आले, तरी बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात हा गेम अजून सुटलेला नाही. जुन्या लॅपटॉपवर तो चालतो, हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे एक डाव सुरू केला की सुट्टी कशी संपते ते कळत नाही. येणारे प्रश्न मात्र फिरून फिरून एकाच ठिकाणी येतात: साम्राज्य वाढवायला घेतलं की वरचा हसरा चेहरा लाल होतो, मग काय करायचं? तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.

१. ही माहिती कुठल्या गेमला लागू? माझ्याकडे सिव्ह ६ आहे, चालेल का?

नाही चालणार. इथलं सगळं सिव्ह ५ चं आहे आणि २०१३ ची ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ ही भर (एक्स्पान्शन) टाकलेली आहे असं धरलं आहे. नकाशा स्टँडर्ड, वेगही स्टँडर्ड. सिव्ह ६ मध्ये हिशेब शहरागणिक वेगळा असतो. तिथे एक लक्झरी (रेशीम, मीठ, सोनं अशी चैनीची वस्तू) चार शहरांपर्यंत पुरते आणि एक शहर नाराज असलं तरी दुसरं खुशीत राहू शकतं. सिव्ह ५ मध्ये सगळ्या साम्राज्याचा एकच आकडा असतो. सातव्या शहरात झालेल्या गर्दीची झळ राजधानीला बसते.

२. फोनवर युनसिव्ह खेळतो मी. त्याला हे लागू होतं का?

बहुतांश होतं. युनसिव्ह हा फुकट, मुक्त स्रोत गेम असून त्याचे नियम सिव्ह ५ वरूनच घेतले आहेत. शहरामागे नाराजी, माणसामागे नाराजी, लक्झरीचा आनंद, पपेट (जिंकलेलं, पण आपलं आपण चालणारं शहर), कोर्टहाउस (जिंकलेल्या शहराची जादा नाराजी घालवणारी इमारत) हे सगळं तिथे ओळखीचं वाटेल. त्याचे नियमसंच मूळ गेम आणि ‘गॉड्स अँड किंग्ज’ ही त्याची आधीची भर यांच्यावर बेतलेले आहेत. त्यामुळे प्रश्न १७ आणि १८ मधली आयडिऑलॉजी (विचारसरणी) आणि वर्ल्ड काँग्रेस (सगळ्या राजांची मतदान करणारी सभा) यांची भानगड तिथे शोधू नका. काही आकडे इकडेतिकडे होतील, तेव्हा तिथल्या माहितीच्या पानावर एकदा ताडून बघा.

३. आनंदाचा आकडा नेमका कशाचा असतो? कुठे बघायचा?

वरच्या पट्टीत चेहऱ्याच्या चित्राशेजारी. एकूण आनंदातून एकूण नाराजी वजा करून जे उरतं ते तिथे दिसतं. माऊस त्यावर नेऊन थांबवा, पूर्ण फोड उघडते: लक्झरीतून किती, इमारतींतून किती, शहरांच्या संख्येमुळे किती गेला, लोकसंख्येमुळे किती. मला प्रश्न पाठवणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ही फोड वाचली असती तर प्रश्न पाठवायची वेळच आली नसती.

४. सुरुवातीला किती आनंद मिळतो आणि नवीन शहराला किती लागतो?

प्रिन्स ही काठिण्यपातळी आणि त्यावरच्या सगळ्या पातळ्यांवर सुरुवातीचा साठा ९ असतो. सोप्या पातळ्यांवर जास्त. प्रत्येक शहर स्वतःचे म्हणून ३ खातं आणि त्यातला प्रत्येक माणूस १. म्हणजे नवं शहर वसवलं की त्याच टर्नला ४ गेले: शहराचे ३, पहिल्या माणसाचा १. मोठ्या नकाशांवर शहरामागचा आकडा ३ पेक्षा कमी असतो, म्हणून तिथे जास्त शहरं झेपतात. माणसामागचा १ मात्र सगळीकडे तोच.

या दोन आकड्यांमध्येच बाकीचं सगळं उत्तर दडलं आहे. शहराचे ३ आणि माणसाचा १ हे दोन वेगवेगळे खर्च आहेत आणि ते फेडायचे मार्गही वेगवेगळे आहेत. ते कसे, ते पुढच्या प्रश्नात.

५. कोलोझियम बांधलो, २ मिळायला पाहिजे होते, १ च वाढला. गेम फसवतोय काय?

फसवत नाही. हा नियम गेम ठळकपणे सांगत नाही एवढंच. कोलोझियम, सर्कस, झू, स्टेडियम यांतून मिळणारा आनंद स्थानिक असतो, आणि शहराचा स्थानिक आनंद त्या शहराच्या लोकसंख्येपेक्षा जास्त होऊ शकत नाही. एका माणसाच्या शहरात कोलोझियम बांधलं की १ च मिळणार. दोन माणसं झाली की पूर्ण २. त्याच शहरात सर्कसही हवी असेल तर चार माणसं होईपर्यंत तिचा पूर्ण लाभ नाही.

आता यातून काय निघतं बघा. समजा चार माणसांचं शहर आहे, त्यात कोलोझियम आणि सर्कस दोन्ही आहेत. स्थानिक आनंद ४. नाराजी ३ अधिक ४, म्हणजे ७. उरले वजा ३. आठ माणसं करा, झू आणि स्टेडियमही बांधा: आनंद ८, नाराजी ११, उरले पुन्हा वजा ३. इमारती माणसांचा खर्च फेडतात, शहराचे ते ३ कधीच फेडू शकत नाहीत. ते बाहेरून आणावे लागतात: लक्झरीतून, वंडरमधून (भव्य वास्तू), धोरणांतून, मित्र नगरराज्यांकडून (एकाच शहराची छोटी राज्यं). म्हणून “प्रत्येक शहरात कोलोझियम बांधतो, मग हवी तेवढी शहरं वसवतो” हा बेत कागदावरच फसलेला असतो.

शिवाय नाराजी त्याच टर्नला लागते आणि कोलोझियम उभं राहायला बऱ्याच टर्न जातात. ऊस अजून शेतात उभा आणि बिलाच्या भरवशावर सोसायटीचं कर्ज काढून लग्न उरकलं, असला हा प्रकार. बिल येतं, पण मधले महिने काढायचे कसे? तो मधला काळ निभेल एवढा साठा आधीच हातात असला तरच सेटलर, म्हणजे नवं शहर वसवणारी तुकडी, बाहेर काढा.

६. मग किती शहरं वसवायची? एक आकडा सांगा की.

ट्रॅडिशन हे धोरणांचं झाड घेऊन चार, लिबर्टीचं घेऊन सहा-सात, असं सर्रास सांगितलं जातं आणि ते चुकीचं नाही. पण आकडा पाठ करण्यापेक्षा प्रत्येक शहराला एक प्रश्न विचारा: याचे ३ कोण फेडणार? जागेवर नवी, म्हणजे तुमच्याकडे अजून नसलेली लक्झरी असेल तर उत्तर आलं. ती ४ देते, शहराचे ३ भागले आणि एका माणसाचाही भागला. नवी लक्झरी नाही, पण तुमच्याकडच्याच लक्झरीचा दुसरा नग आहे, तर तो अदलाबदलीत जाऊ शकतो (प्रश्न ८). यातलं काहीच नाही, फक्त जागा मोकळी दिसते म्हणून जाताय? मग थांबा.

आनंदाशिवायही किंमत आहेच. प्रत्येक नव्या शहरामागे पुढचं धोरण १० टक्क्यांनी आणि पुढचं तंत्रज्ञान ५ टक्क्यांनी महाग होतं. राष्ट्रीय वंडरचा खर्चही वाढतो. सर्कस मॅक्सिमस ५ आनंद देतं, पण त्यासाठी तुमच्या सगळ्या शहरांत कोलोझियम लागतं (पपेट शहरं त्यात धरत नाहीत). म्हणून ते बांधायचं असेल तर आधी शहरांची संख्या ठरवा, ते उभं करा, आणि मग पुढचं शहर वसवा. एकदा उभं राहिलं की नव्या शहरात कोलोझियम नसलं तरी ते काढून घेतलं जात नाही.

७. लक्झरी मिळाली तरी आनंद वाढला नाही. शेजारी रेशीम आहे, माझ्या हद्दीत आहे.

हद्दीत असून पुरत नाही. मजुराने तिथे योग्य ती सुधारणा करायला हवी: रेशमाला प्लँटेशन, सोन्याला खाण, मोत्यांना समुद्रातली बोट. रस्ता नेण्याची किंवा तिथे माणूस कामाला लावण्याची गरज नाही. थेट त्या जागेवरच शहर वसवलं तर, लागणारं तंत्रज्ञान तुमच्याकडे आल्यावर, वेगळी सुधारणाही लागत नाही. घाईच्या वेळी हा मोठा फायदा असतो.

आणि दुसरी नेहमीची गफलत: एकाच प्रकारचे तीन नग असले तरी आनंद ४ च मिळतो, १२ नाही. प्रकार मोजतात, नग नाही.

८. जादा लक्झरी विकावी की बदलावी? कितीला?

आधी बदला, मग विका. तुमच्याकडे मीठ दोन आणि शेजाऱ्याकडे मसाले दोन, तर नगाला नग अदलाबदल हा दोघांच्याही फायद्याचा सौदा. तो तुमच्या साम्राज्याला थेट ४ देऊन जातो. बदलायला कोणी नसेल तर विका. तुमच्यावर राग नसलेला संगणक-राजा साधारणपणे टर्नला ६-७ सोन्यापर्यंत देतो. मैत्रीचा जाहीरनामा केला असेल तर एकरकमी २४० सोनंही मिळतं. सौदा ३० टर्नांचा असतो.

स्वतःचा शेवटचा नग विकू नका. अपवाद नेदरलँड्सचा. शेवटचा नग देऊन टाकला तरी त्यांचा त्यातला अर्धा आनंद शाबूत राहतो.

नगरराज्यांना विसरू नका. मित्रराष्ट्र झालेलं नगरराज्य त्याच्या लक्झरी तुम्हाला देतं. त्यात व्यापारी स्वभावाची नगरराज्यं सगळ्यात मोलाची, कारण जवाहीर आणि चिनी मातीची भांडी या दोन लक्झरी नकाशावर कुठेच उगवत नाहीत, त्या फक्त त्यांच्याकडूनच मिळतात.

९. आनंद वजा झाला तर लगेच खेळ संपतो का? वजा ४ आहे माझा.

संपत नाही. वजा १ ते वजा ९ मध्ये शहरांची वाढ एकदम मंदावते, जादा अन्नाचा चौथा हिस्साच वाढीला लागतो. सैन्याची लढायची ताकदही घटते. लढाई चालू नसेल आणि शहरं वाढवायची घाई नसेल तर वजा ४ वर थोडा काळ काढता येतो. अनुभवी खेळाडू कधीकधी जाणूनबुजून तिथे जातात.

वजा १० ला मात्र मामला बदलतो. वाढ पूर्ण थांबते, सेटलर तयार करता येत नाहीत आणि तुमच्याच हद्दीत बंडखोर उगवू लागतात. हे बंडखोर त्या काळातली बरी शस्त्रं घेऊन येतात, शेतं-खाणी उद्ध्वस्त करतात. खाणीतली लक्झरी गेली की आनंद अजून घसरतो, आणि हे चक्र थांबवणं फार अवघड जातं. वजा २० ला तर अख्खं शहर तुम्हाला सोडून दुसऱ्या साम्राज्यात जाऊ शकतं.

तेव्हा शून्याची भीती नको, वजा १० ची ठेवा.

१०. काहीच केलो नाही, एका टर्नमध्ये ६ चा वजा २ झाला. असं का?

आठ एकदम गेले म्हणजे बहुधा दोन लक्झरी गेल्या. ४ च्या पटीत घट दिसली की आधी सौदे बघा. ३० टर्न संपले की सौदा आपोआप नव्याने होत नाही, पुन्हा बसून करावा लागतो. एखाद्याने तुमच्यावर युद्ध पुकारलं की त्याच्याशी असलेले सगळे सौदे त्याच क्षणी तुटतात. नगरराज्याची मैत्री उतरली किंवा दुसऱ्याने जास्त सोनं ओतून ते पळवलं, तरी तेच. शत्रूने किंवा रानटी टोळीने मळा जाळला, तरी तेच.

घट एक-दोनची असेल तर शहरं वाढली आहेत. ती वाढ नको असेल तर शहराच्या पडद्यावर वाढ टाळण्याचा चौकोन आहे, त्यात टिक करा. किंवा त्या शहरात सेटलर बनवायला घ्या, तो बनेपर्यंत शहर वाढत नाही.

खेळाच्या उत्तरार्धात, कारखान्यांनंतर, मोठी घट झाली तर प्रश्न १७ बघा.

सौदे कधी संपणार याची एक यादी कागदावर ठेवा, हा माझा सल्ला सगळ्यांना जुनाट वाटतो. पण पावसाळ्यात लाइट गेल्यावर चार तासांनी डावात परत येता तेव्हा तो कागदच उपयोगी पडतो.

११. कुठलं धोरण घेतलं की आनंद जास्त?

तुमची शहरं कशी आहेत त्यावर आहे. राजधानी फुगलेली आणि बाकी दोन-तीनच शहरं असतील तर ट्रॅडिशनमधली मोनार्की. ती राजधानीतल्या माणसांची नाराजी निम्मी करते. वीस माणसांच्या राजधानीत दहा वाचले, शिवाय सोनंही मिळतं. त्याच झाडातली ॲरिस्टोक्रसी शहरातल्या दर १० माणसांमागे १ देते.

शहरं बरीच आणि लहान असतील तर लिबर्टीमधली मेरिटोक्रसी. राजधानीशी जोडलेल्या प्रत्येक शहरामागे १ मिळतो, आणि हा १ लोकसंख्येच्या मर्यादेत अडकत नाही, म्हणजे तो शहराच्या त्या हट्टी ३ मधून थेट वजा होतो. रस्ते मात्र आधी बांधावे लागतात आणि रस्ता नकाशावरच्या जेवढ्या षटकोनांतून जातो त्या प्रत्येकामागे टर्नला १ सोनं खर्च येतो. किनाऱ्यावरची शहरं हार्बरने जोडली तर हा खर्च वाचतो.

कॉमर्समधलं प्रोटेक्शनिझम प्रत्येक लक्झरीवर आणखी २ देतं. दहा प्रकारच्या लक्झरी असतील तर २० झाले. मधल्या काळात मोठं साम्राज्य असेल तर याला तोड नाही. पण ते झाडात खोलवर आहे, तिथवर पोचेपर्यंत कळ काढावी लागते.

१२. धर्म काढून आनंद मिळतो म्हणतात. कुठली श्रद्धा घ्यायची?

पॅगोडा, मिळाला तर. श्रद्धागुणांनी विकत घेता येणारी ही इमारत २ आनंद देते, सोबत संस्कृती आणि श्रद्धाही. मशीद आणि कॅथेड्रल १ देतात. अवघड पातळ्यांवर संगणक-राजे पॅगोडा पटकन उचलतात, तेव्हा धर्म उशिरा निघणार असेल तर दुसरी पसंती तयार ठेवा: देवळातून २ देणारं रिलीजस सेंटर, फक्त त्या शहरात पाच अनुयायी लागतात. या इमारतींनाही प्रश्न ५ मधली लोकसंख्येची मर्यादा आहेच.

१३. आपण भारत घेऊनच खेळतो. गांधींना शहरं जास्त जड का जातात?

आमच्याकडे दर दुसरा जण भारत निवडतो आणि मग हाच प्रश्न पाठवतो. भारताचं वैशिष्ट्यच तसं आहे: शहराच्या संख्येची नाराजी दुप्पट, माणसांची निम्मी. म्हणजे प्रत्येक शहराचे ६ आणि माणसामागे अर्धा.

हिशेब करून बघा. नवं, एका माणसाचं शहर इतरांना ४ ला पडतं, भारताला साडेसहाला. सहा माणसांवर बरोबरी होते: इतरांचे ९, भारताचेही ९. बारा माणसांवर इतरांचे १५, भारताचे १२. म्हणून भारत घेतला की तीन, फार तर चार शहरं, नदीकाठी, धान्याच्या जागेवर, आणि प्रत्येक शहर लवकरात लवकर सहाच्या पुढे न्यायचं. भारत घेऊन लिबर्टीने दहा गावं वसवणारे मला नंतर रागाने लिहितात. तुमचा राग गांधींवर नको, निवडीवर काढा.

१४. शहर जिंकलो. पपेट करू, ॲनेक्स करू, की जाळू?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि सीमाभागात तो विचारताना लोकांना जरा जास्तच गंमत वाटते. १९५६ पासून कोण कुठे असावं यावर आपल्याकडे वाद चालू आहे, तेव्हा “जिंकलेल्या शहराला विचारलं कोणी?” हा विनोद इथे नेहमीचाच.

नियम असा. पपेट ठेवलं तर ते साध्या शहरासारखंच मोजलं जातं: शहराचे ३, माणसामागे १. तिथे काय बांधायचं ते तुम्ही ठरवू शकत नाही, विज्ञान-संस्कृती चौथाईने कमी मिळते, पण धोरणं महाग होत नाहीत. ॲनेक्स केलं, म्हणजे थेट आपल्या राज्यात घेतलं, तर शहर व्याप्त धरलं जातं: शहराचे ५ आणि माणसामागे १.३४. दहा माणसांचं शहर हातात आलं असं धरा. पपेट म्हणून १३, ॲनेक्स म्हणून १८ च्या वर. कोर्टहाउस झालं की परत १३.

म्हणून जवळजवळ नेहमी: आधी पपेट. जिंकल्यानंतर काही काळ शहर प्रतिकारात असतं, लोकसंख्या जेवढी मोठी तेवढा लांब, आणि त्या काळात तिथे काहीच बनत नाही. प्रतिकार चालू असताना ॲनेक्स करणं म्हणजे वरची नाराजी फुकट सोसणं. प्रतिकार संपू द्या, मग ते शहर खरंच हवं आहे का ते ठरवा, आणि ॲनेक्स करणार असाल तर त्याच टर्नला कोर्टहाउस सुरू करा. सोनं असेल तर विकत घ्या.

जाळायचं ठरवलं तर दर टर्नला एक माणूस कमी होतो आणि तोवर व्याप्त शहराची नाराजी भरावी लागते. दहा माणसांचं शहर जाळायला दहा टर्न. लहान, जागा चुकलेल्या, लक्झरी नसलेल्या शहरासाठी जाळणं ठीक आहे. वंडर असलेलं शहर जाळणाऱ्याची मात्र कीव येते. चौथा पर्याय लोक विसरतात: ते शहर मुळात तिसऱ्याचं असेल तर मुक्त करून मूळ मालकाला परत द्या. नाराजी शून्य, वर जन्माचा मित्र.

१५. राजधानी जिंकलो, पण जाळायचं बटणच दिसत नाही.

दिसणार नाही. मूळ राजधानी आणि नगरराज्य जाळता येत नाही. पपेट करा. आनंद अगदीच रसातळाला गेला असेल तर एखादं दुसरं, बिनकामाचं शहर सौद्यात कुणाला तरी देऊन टाका. ज्याला द्याल त्याच्याशी पुढे लढायचं नाही एवढं बघा.

१६. आनंद ३० आहे. आता काय, ठेवूनच द्यायचा?

जादा आनंद दर टर्नला सुवर्णयुगाच्या भांड्यात पडतो. पहिल्या सुवर्णयुगाला ५०० लागतात, पुढच्या प्रत्येकाला जास्त. त्यामुळे तो वाया जात नाही. पण ३० कायम शिल्लक असेल तर मी म्हणेन की तुम्ही भित्रेपणाने खेळताय. तेवढ्यात दोन शहरं वसली असती, एक जिंकलं असतं. ५ ते १० ची शिल्लक पुरेशी, युद्धाच्या तोंडावर जरा जास्त, कारण युद्ध पुकारलं की सौदे तुटतात (प्रश्न १०) आणि जिंकलेली शहरं खायला येतात (प्रश्न १४).

याला जोडूनच येणारा प्रश्न राजाच्या दिवसाचा (‘वी लव्ह द किंग डे’). शहर एखादी लक्झरी मागतं, ती मिळवून दिली की २० टर्न तिथे उत्सव चालतो आणि वाढ २५ टक्क्यांनी जास्त होते. उत्सव नावाचाच आहे, त्यातून आनंद मिळत नाही. उलट माणसं वाढतात आणि आनंद खर्च होतो. शिल्लक असेल तर मस्त, नसेल तर त्या लक्झरीचे स्वतःचे ४ मिळाले एवढंच समाधान.

१७. आयडिऑलॉजी निवडली आणि एकदम वजा १५. माझी प्रजा दुसऱ्याची विचारसरणी मागतेय. काय करू?

दुसऱ्या विचारसरणीचा एखादा राजा पर्यटनातून तुमच्यावर तुमच्यापेक्षा जास्त छाप पाडून आहे. त्याच्या पर्यटनाची लढत तुमच्या साठलेल्या संस्कृतीशी असते. म्हणजे या संकटाचं मूळ दोनशे टर्न मागे आहे, जेव्हा तुम्ही ॲम्फीथिएटर टाळून सैन्य बांधत होता. असंतुष्ट, मग नागरी प्रतिकार, मग क्रांतीची लाट, अशा चढत्या पायऱ्या आहेत. साम्राज्य जेवढं मोठं तेवढी नाराजी जास्त.

उपाय तीन, आणि तिन्ही कडू. एक, निवडीच्या आधीच बघायचं: सगळ्यात जास्त पर्यटन कुणाचं आहे आणि त्याने काय निवडलं? तेच निवडलं की कटकट नाही. पहिल्याने निवडणाऱ्याला दोन आणि दुसऱ्याला एक तत्त्व फुकट मिळतं, त्या लोभात लोक घाई करतात आणि इथे अडकतात. दोन, आहे त्याच विचारसरणीतली आनंद देणारी तत्त्वं आधी घ्यायची: ऑर्डरमध्ये सोशलिस्ट रिॲलिझम, प्रत्येक मॉन्युमेंटमागे २. फ्रीडममध्ये प्रत्येक राष्ट्रीय वंडरमागे १ देणारं युनिव्हर्सल हेल्थकेअर. ऑटोक्रसीमध्ये पोलीस स्टेट, ज्यात प्रत्येक कोर्टहाउस ३ देतं, म्हणजे जिंकत आलेल्या माणसासाठी वरदान. शहरं बरीच असतील तर ऑर्डर, मोजकीच आणि राष्ट्रीय वंडर भरपूर असतील तर फ्रीडम. तीन, विचारसरणी बदलायची. काही तत्त्वं जातात, थोडा काळ अराजक. क्रांतीच्या लाटेत शहरं दुसऱ्याकडे जाऊ लागली असतील तर मानापमान बाजूला ठेवून बदला.

१८. वर्ल्ड काँग्रेसने माझ्या मिठावर बंदी घातली. आता?

बंदी घातलेल्या लक्झरीचा आनंद कुणालाच मिळत नाही, तुम्हालाही नाही. ४ गेले, प्रोटेक्शनिझम असेल तर ६. तुमच्याकडे जिचे सर्वांत जास्त नग आहेत आणि जी तुम्ही चार जणांना विकताय, तिच्यावरच ही बंदी येते, कारण प्रस्ताव मांडणाऱ्याला तेच हवं असतं. नगरराज्यांची मतं आधी गोळा करा, नाहीतर मतदानाआधी दुसऱ्या राजाशी मतांचा सौदा करा. त्यासाठी त्याच्या राजधानीत राजदूत म्हणून हेर ठेवावा लागतो. बंदी आल्यावर पुढच्या सत्रात ती उठवण्याचा प्रस्ताव मांडता येतो. तोवर ते मजूर दुसऱ्या कामाला लावा.

१९. शहराचं नाव बदललं तर आनंदावर काही फरक पडतो का?

नाही. गेममध्ये तरी नाही.

२०. मित्रांबरोबर खेळताना शेजारी लक्झरी देतच नाही. संगणक-राजा देतो. काय करायचं?

माणूस हिशेब ओळखतो. तुम्ही शून्याच्या खाली जाताय हे त्याला दिसतं, म्हणून तो तुम्हाला तिथेच ठेवतो. तेव्हा मागायला जाऊ नका, बदली द्यायला जा, आणि तुमचा आकडा वर असतानाच जा. नसेल जमत तर नगरराज्यांवर सोनं खर्च करा. होळीच्या सुट्टीत टिळकवाडीतल्या एका खोलीत पाच लॅपटॉप लावून चाललेल्या डावात मी बघितलं आहे: ज्याने व्यापारी नगरराज्य धरलं त्याने बाकीच्या चौघांना लक्झरीसाठी ताटकळत ठेवलं, आणि कुंदाही त्यांच्याकडूनच वसूल केला.